न पाहतां पसंती

इ. स. २०२३ च्या कार्तिकांतली गोष्ट. तुळशीचें लग्न होऊन तीन-चार दिवस झाले होते. नांदेड येथील आमच्या वडिलोपार्जित घरांत सायंकाळीं साडेसातच्या सुमारास अशी कांहीं शांतता पसरली होती कीं, नवख्या माणसास घरांत कोणी फार आजारी आहे असेंच वाटावें. शेगडीवरचा कुकर शिटी होण्याच्या आंतच उतरविण्यांत आला होता. वहिनींनीं सांजेची आरती त्या दिवशीं घंटेवांचून उरकली होती. आल्यागेल्यास ओठांवर बोट ठेवून ओट्यावरूनच परत लावण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. आणि माजघरालगतच्या खोलींत आमच्या पुतण्याची कन्या, वर काळा कोट व खालीं घरांतला सुती पायजमा अशा अर्ध्या दरबारी वेषांत लॅपटॉपपुढें बसून, साता समुद्रांपलीकडील तीन डॉक्टरांस मुलाखत देत होती.

भिंतीवरच्या घड्याळाशेजारीं पुतण्यानें दुसरें एक घड्याळ टांगलें होतें, तें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेचें. तिकडील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडील सायंकाळचे साडेसहा, हें गणित सर्वांस तोंडपाठ झालें होतें. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं ते लोक आपलीं घड्याळें एक तास मागें घेतात व साडेसहाचे साडेसात होतात, ही गोष्ट घरांत कोणासच ठाऊक नव्हती. त्यामुळें त्याआधींच्या एका मुलाखतीस सबंध घर एक तास अगोदरच मौन धरून बसलें होतें.

ही मुलगी मराठवाड्यांतल्याच एका शासकीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस. झाली. पुढें मेडिसिन ह्या शाखेचें तीन वर्षांचें शिक्षण अमेरिकेंत घ्यावें अशी तिची इच्छा. तिकडील परीक्षांपैकीं ज्या संगणकावर द्यावयाच्या, त्या तिनें हैदराबादेस जाऊन दिल्या. आमच्या वडिलांच्या काळीं नांदेडकरांची राजधानी हैदराबाद होती. तें राज्य १९४८ सालीं गेलें, तरी परीक्षेची वाट अजून तिकडेच जाते ह्याची आम्हांस मोठी गंमत वाटली. आतां उरली होती ती मुलाखत.

मुलाखत हा शब्द कानीं पडतांच आमच्या पिढीच्या माणसास प्रवास आठवतो. आम्ही पहिल्या नोकरीच्या मुलाखतीस निघालों तेव्हां मनमाड-काचीगुडा हा लोहमार्ग मीटर गेजचा होता. रात्रभर बसून गेलों, स्टेशनावरच्या नळावर तोंड धुतलें आणि ट्रंकेंतला इस्त्रीचा सदरा वाटेंतल्या धर्मशाळेंत अंगावर चढविला. लातूरकरांची स्थिति ह्याहूनहि बिकट. त्यांच्या वाट्यास बार्शी लाइट रेल्वेची, मिरजेस जाणारी, अरुंद रुळांची गाडी आलेली; तिचे रूळ रुंद झाले ते ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत. तेव्हां मुलाखतीची अर्धी कसोटी प्रवासांतच लागून जाई, व जो पैशानें किंवा प्रकृतीनें तेथें उणा पडे, त्याची उरलेली अर्धी कधीं होतच नसे.

अमेरिकेंत जाऊं इच्छिणाऱ्या डॉक्टरांची २०२० सालापर्यंत हीच गत होती, फक्त आंकडे मोठे. तेथें रुग्णालयांत राहून घेण्याच्या उच्च शिक्षणास रेसिडेन्सी म्हणतात. तिच्या मुलाखतींचा हंगाम ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालतो, व प्रत्येक रुग्णालयाची मुलाखत निराळी. एक बोस्टनास, तर दुसरी टेक्सासांत. व्हिसासाठीं आधीं मुंबईच्या वाऱ्या. शिवाय रुग्ण तपासण्याच्या कौशल्याची एक परीक्षा अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस व फिलाडेल्फिया ह्या पांच शहरींच होत असे. आमच्या माहितींतल्या एका घरानें असल्या एका हंगामापायीं कोरडवाहू जमीन गहाण टाकली होती. मुलाचें काम झालें, म्हणून ती सुटली. न होतें तर काय, हा प्रश्न त्या घरांत अजूनहि कोणी काढीत नाहीं.

२०२० सालीं करोनाची साथ आली व हा सर्व व्यवहार एकदम थांबला. मुलाखती पडद्यावर आल्या. ती कौशल्याची परीक्षा २०२१ च्या जानेवारींत कायमचीच बंद करण्यांत आली. साथ ओसरल्यावरहि बहुतेक ठिकाणच्या मुलाखती पडद्यावरच राहिल्या. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मध्यवर्ती संघटनेनें तशी शिफारसच केली. इंग्लंडांतहि विशेष शिक्षणाच्या मुलाखती त्याच वर्षापासून ऑनलाइन झाल्या. मात्र परदेशी डॉक्टरांसाठीं तेथें जी प्लॅब नांवाची परीक्षा आहे, तिचा रुग्णतपासणीचा भाग अजून मँचेस्टर येथें समक्षच द्यावा लागतो. उत्तर दुरून ऐकतां येतें. पोटावर हात कसा ठेवला, हें पाहण्यास माणूस जवळच असावा लागतो, असें त्या लोकांचें मत दिसतें. आम्हांस तें पटतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मराठवाड्यांतल्या आईबापांचा मुलाखत ह्या वस्तूवर मुळींच विश्वास नाहीं, आणि तो नसण्यास कारण आहे. लातूर पॅटर्न म्हणून जी शिकविण्याची पद्धति गाजली, राजर्षी शाहू व दयानंद ह्या तेथील महाविद्यालयांचीं नांवें ज्यामुळें घरोघर पोंचलीं, तिची सारी निष्ठा लेखी गुणांवर. हल्लींची नीट ही परीक्षा घ्या. १८० प्रश्न, ७२० गुण. चारांपैकीं एक वर्तुळ काळें करावयाचें. मुलाचें तोंड कोणी पाहत नाहीं, गांव विचारीत नाहीं, उच्चार ऐकत नाहीं. गुणांस आडनांव नसतें. समोर बसवून पारख करण्याच्या रीतींत आडनांवाचा व ओळखीचा लाभ पूर्वीं कोणास होत असे, हें ह्या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तो लाभ आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आलेला आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत कित्येक दिवस मुलाखती घेऊन विद्यार्थी निवडण्याची जुनी प्रथा होती. तीमागील हेतु चांगला होता, असें जाणते लोक सांगतात. तरीहि २०२० च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें नीट सर्वांसच लागू, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत महाराष्ट्रांतील प्रवेशांचें ७०:३० हें प्रादेशिक सूत्र रद्द झालें. ती घोषणा करणारे मंत्री श्री. अमित देशमुख हे लातूरचेच. महाविद्यालयें थोडीं व विद्यार्थी फार अशा मराठवाड्यास त्या सूत्राचा जाच विशेष होता. एकंदरींत २०२० हें वाईट साल आमच्याकडील मुलांस दोन-तीन दारें उघडून देऊन गेलें.

पण गुणांवर वाढलेल्या मुलाचें पुढें काय होतें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. आमच्या ह्या नातीस दहावीपासून इंटर्नशिपपर्यंत 'तूं कोण, तुला काय वाटतें' असें कोणी एकदांहि विचारलेलें नव्हतें. मुलाखतीच्या सरावाकरितां पुण्याचा तिचा मामा व्हिडिओ कॉलवर परीक्षक होऊन बसे. 'स्वतःविषयीं सांगा' म्हटलें कीं ती गुण सांगूं लागे. पुढें तिनें उत्तरें पाठ केलीं. मग तर ती बोलते आहे कीं स्तोत्र म्हणते आहे हें कळेना. वडीलधाऱ्यांपुढें नजर खालीं ठेवावी हें वळण आपणच लावलेलें. पडद्यावर तर आणखी अडचण अशी कीं, समोरच्याच्या चित्राकडे पाहिलें तर त्याला आपण खालीं पाहतों असें दिसतें. त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवावयाचा तर चित्र सोडून वरच्या बारीक भिंगाकडे पाहावें लागतें, म्हणजे मग तो माणूस आपणांस दिसत नाहीं. शिवाय आवाज क्षणभर उशिरा पोंचतो. दोघे एकदम बोलूं लागतात, दोघेहि थांबतात, आणि जो भिडस्त असतो तो थांबलेलाच राहतो.

ह्याच्या उलट अनुभव आमच्या लातूरच्या भाच्याच्या मुलाचा. नीटचे गुण चांगले पडले, तेव्हां पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडून त्याला बोलावणें आलें. १९४८ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेनें नीटनंतर विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष बोलावून पाहण्याची रीत ठेवली आहे. इंग्रजी व तर्कशक्ति ह्यांची एक चाचणी, मुलाखत व शारीरिक तपासणी. शिकून झाल्यावर लष्करी वैद्यकीय सेवेंत कांहीं वर्षें काढण्याचें बंधनहि असतें. हा मुलगा रात्रीच्या गाडीनें पुण्यास गेला. तेथील आवार पाहिलें, तेथील विद्यार्थ्यांचें उठणें, बसणें, चालणें पाहिलें, मुलाखत दिली आणि परत येऊन म्हणाला, "आजोबा, जागा फार छान आहे, पण हें आयुष्य माझें नव्हे." त्यानें दुसऱ्या एका शासकीय महाविद्यालयांत नांव घातलें. घरांत चार दिवस कुरबुर झाली. आमच्या मतें त्या प्रवासाचे पैसे वसूल झाले. त्यानें त्यांना पाहिलें, हीच त्यांतली मिळकत.

मुलगी पाहण्याचा प्रकार आपल्या घरीं झालेला असतो, त्यामुळें आमचें म्हणणें वाचकांच्या लवकर ध्यानांत येईल. पाहुणे मुलीस पाहतात खरे. पण मुलगीहि पोह्यांची बशी पुढें करतांना पाहून घेते कीं, ह्या घरांतली सासू सुनेशीं कशा स्वरांत बोलते. समोरासमोरच्या मुलाखतींत उमेदवाराचीहि अशीच चोरटी पाहणी चालत असे. आदल्या रात्रीं तेथील शिकाऊ डॉक्टर उमेदवारांस जेवावयास नेत. दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांतून फिरवीत. रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्या पोरांचे चेहरे, वरिष्ठ आले असतां परिचारिकांची होणारी धांदल, उपाहारगृहांतलें बोलणें, ह्यांतून तीन वर्षें कोणाच्या हाताखालीं काढावयाचीं तें कळे. आतां त्या जेवणाची जागा पडद्यावरच्या एका गप्पांच्या तासानें घेतली आहे, आणि त्यांत प्रत्येकजण हंसतमुखच असतो. म्हणजे दूरस्थ मुलाखतीनें नांदेडच्या मुलीस त्या दिवाणखान्यांत नेऊन बसविलें, परंतु तिची पाहण्याची बाजू तेवढी काढून घेतली. त्यांना ती खांद्यांपर्यंत दिसली. तिला त्यांच्यामागची भिंत दिसली. कांहीं संस्था आपली निवडीची यादी पक्की झाल्यावर उमेदवारांस स्वखर्चानें येऊन रुग्णालय पाहून जाण्यास सांगतात. हें सौजन्य आहे, पण तें जवळ राहणाऱ्याच्याच उपयोगाचें.

आणखीहि एक परिणाम झाला. प्रवासाचा खर्च गेल्यामुळें ज्यास जितकीं बोलावणीं येतील तितकीं तो स्वीकारूं लागला, व खरोखर कोणास आपल्याकडे यावयाचें आहे हें रुग्णालयांस कळेनासें झालें. तेव्हां अर्ज करतांनाच मोजक्या रुग्णालयांस 'तुमच्याकडे माझा विशेष ओढा आहे' अशी खूण पाठविण्याची सोय कित्येक शाखांत करण्यांत आली. पूर्वीं तिकीट काढून येणें हीच ती खूण होती.

आतां त्या कार्तिकांतल्या संध्याकाळकडे येऊं. मुलाखत सुरू होऊन वीस-एक मिनिटें झालीं असतील, तोंच वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवा लागला, पण इंटरनेटची पेटी त्यावर जोडलेली नव्हती. पडद्यावरचे तिन्ही डॉक्टर तोंडें अर्धवट उघडीं ठेवून तसेच थिजले. पुतण्या आपला मोबाइल घेऊन धांवला. वहिनी देवापुढें जाऊन उभ्या राहिल्या. त्यावरून जोडणी होऊन चित्र पुन्हां हलूं लागेपर्यंत चार मिनिटें गेलीं. नात क्षमा मागूं लागली, तों मधल्या वृद्ध बाईंनीं तिला थांबविलें. त्यांच्या गांवींहि मागच्या हिंवाळ्यांत हिमवादळानें दोन दिवस वीज नव्हती, असें त्यांनीं हंसत सांगितलें, आणि विचारलें कीं, रुग्णालयांत रात्रीं वीज गेली तर तूं काय करीत होतीस?

ह्या प्रश्नाचें उत्तर तिनें पाठ केलेलें नव्हतें. इंटर्नशिपमध्यें एका ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळीस असतांना जुलाबानें सुकून गेलेलें एक वर्षाचें मूल आलें होतें. त्याच वेळीं दिवे गेले. मुलाच्या आजीनें मोबाइलचा उजेड धरला, सिस्टरनें मुलाचा हात घट्ट धरला, आणि तिसऱ्या प्रयत्नांत हिला शीर सांपडली. आजीचा हात थरथरत होता, म्हणून उजेड सारखा हलत होता. तेव्हां हिनें आजीस आपल्या खांद्यावर कोपर टेकावयास सांगितलें. हें सर्व ती आपल्या मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजींत सांगत होती, व दाराबाहेर बसलेल्या आम्हांस, शब्द नीट न कळतांहि, तिचा आवाज बदललेला ऐकूं येत होता. ही हकीकत तिनें घरीं कधीं सांगितली नव्हती. आम्हीं कोणी विचारलीहि नव्हती.

फेब्रुवारींत याद्यांचा प्रश्न आला. तेथील रीत अशी कीं, उमेदवारानें आपल्या आवडीच्या क्रमानें रुग्णालयांची यादी द्यावयाची, रुग्णालयांनीं उमेदवारांची, आणि संगणकानें दोन्ही याद्या जुळवावयाच्या. १९५२ पासून चालत आलेली ही व्यवस्था. तिच्या मागचें गणित गेल व शॅप्ली ह्या दोघां गणितज्ञांनीं १९६२ सालीं ज्या निबंधांत मांडलें, त्याच्या मथळ्यांतच महाविद्यालयप्रवेशाबरोबर विवाहाचा उल्लेख आहे. तेव्हां मुलगी पाहण्याची उपमा आम्हीं उगाच आणली नाहीं. ह्याच विषयांतील कामाबद्दल शॅप्ली व रॉथ ह्यांना २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजची जुळणी रॉथ ह्यांनीं सुधारलेल्या पद्धतीनें होते.

आमच्या पुतण्याचा आग्रह असा कीं, न्यू जर्सीस मावसबहीण राहते, तेव्हां तिच्याजवळचें रुग्णालय पहिलें घालावें. त्या बहिणीनें मुद्दाम मोटारीनें जाऊन इमारतीचे व वाहनतळाचे फोटोहि पाठविले होते. शिवाय तेथें होकार मिळण्याचा संभव अधिक. जेथें नकार येईल तेथें आधीं विचारूंच नये, ही आपली सोयरिकीची जुनी नीति. नातीनें बापास कागदावर आंकडे काढून दाखविलें कीं, ह्या जुळणींत उलट आहे. पहिल्या पसंतीचें ठिकाण न मिळालें तर संगणक दुसऱ्याकडे जातो, आणि आधीं पहिल्याकडे विचारणा झाली म्हणून दुसऱ्याकडील संधि रतिभरहि कमी होत नाहीं. म्हणून मनांत असेल तेंच पहिलें लिहिणें, हेंच फायद्याचें. पुतण्या गणित समजला, पण त्याचें समाधान झालें नाहीं. "पाहिलें नाहींस, सवरलें नाहींस, ओळखीचें माणूस नाहीं, कशाच्या जोरावर पहिलें?" असें तो म्हणाला. ती म्हणाली, "वीज गेली तेव्हां त्या बाई थांबल्या, त्याच्या जोरावर."

आम्हांस विचाराल तर बापाची भीति खोटी नव्हती. चार मिनिटांच्या सौजन्यावर तीन वर्षें लावणें हा जुगारच. आदल्या पिढींतल्या उमेदवारानें तेथें एक दिवस काढून जें पाहिलें असतें, त्याच्या तुलनेनें मुलीच्या हातांत फार थोडें होतें. परंतु आदल्या पिढींत ही मुलगी त्या यादीपर्यंतच पोंचली नसती, हेंहि तितकेंच खरें, व म्हणून आम्हीं तोंड मिटून घेतलें. यादी तिच्या मनाप्रमाणें गेली.

२०२४ च्या मार्चांत निकाल लागला. तोहि दोन हप्त्यांत. सोमवारीं कळतें कीं, तुम्ही कोठेंतरी पसंत झालां. कोठें, तें शुक्रवारीं. त्या चार दिवसांत घरांत कोणाचें जेवणावर लक्ष नव्हतें. १५ मार्चच्या रात्रीं साडेनऊ वाजतां ईमेल आली, ती तिच्या पहिल्या पसंतीचीच होती. पुतण्या उठून ओट्यावर गेला व बराच वेळ आंत आला नाहीं. वहिनींनीं साखर वांटली, आणि मग एकच प्रश्न विचारला, "तें गांव कसें आहे ग?" नातीस सांगतां येईना. मुलाखतीच्या वेळीं त्या बाईंच्या मागें एक खिडकी होती व खिडकींत पानें झडलेलें एक मोठें झाड होतें, एवढेंच तिनें पाहिलें होतें. वहिनींस तेवढें पुरलें. जूनमध्यें मुलगी जाईपर्यंत शेजारणींस त्या सांगत, रुग्णालयापुढें मोठें झाड आहे म्हणे.

तिकडे रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यांत तिचा व्हिडिओ कॉल आला. काम फार, झोंप कमी, बाई जशा वाटल्या तशाच आहेत, असें तिनें सांगितलें. झाडाची चौकशी वहिनींनीं केलीच. तेव्हां कळलें कीं, तें झाड रुग्णालयांत नाहींच. त्या सकाळीं बाई आपल्या घरीं बसून मुलाखत घेत होत्या.

"मग रुग्णालयाच्या खिडकींतून काय दिसतें?" वहिनींनीं विचारलें.

"वाहनतळ," ती म्हणाली.